गर्दीत हाक मारण्याची रीत

पहिल्यांदा मक्केच्या यात्रेला, उमराहला निघालेल्या बायका हल्ली माझ्याकडे विचारायला येतात, सोबत काय काय घ्यायचं? मी सांगते, साबण बिनवासाचा घ्या, यात्रेच्या त्या पाक अवस्थेत सुगंध चालत नाही. आणि दुकानदार म्हणतो म्हणून घेऊ नका, स्वतः नाकाला लावून बघा. काळेवाडीतल्या दुकानात मी एकेक वडी हुंगली तेव्हा दुकानदार वैतागला होता. वैतागू दे. माझा स्वभावच संशयी आहे आणि त्याने माझं आजवर फारसं नुकसान झालेलं नाही.

त्या वेळी मात्र माझा खरा संशय साबणावर नव्हता, नवऱ्यावर होता.

आमचे हे चाकणच्या एका कारखान्यात, पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर नोकरीभर उभे होते. तिथल्या धडधडाटात हाक कोण ऐकणार? म्हणून सगळं बोलणं हातांनी. डोक्यावर दोन्ही हातांची फुली केली की मशीन थांबव. मूठ उंच धरली की भोंगा वाजतोय. घरीसुद्धा चहात साखर पुरे झाली की हे तीच फुली करायचे आणि मी चिडायचे.

रिटायर झाल्यावर उमराहचा ध्यास त्यांनीच घेतला. पण मशिदीच्या हॉलमध्ये यात्रेची तालीम सुरू झाली आणि मला काहीतरी खटकायला लागलं. मौलाना विनोद करायचे, सगळे हसायचे, आणि हे सगळ्यांच्या मागून हसायचे. घरी येताना विचारलं, "आज काय सांगितलं हो?" तर म्हणाले, "नेहमीचंच." नेहमीचं कसं असेल? आयुष्यात पहिल्यांदा निघालो होतो.

आधी वाटलं, ह्यांना मनातून यायचंच नाही. मग वाटलं, माझ्यापासून काहीतरी लपवतायत. एका दुपारी ते गॅलरीत पाठमोरे बसले होते. मी मागे जाऊन नेहमीच्या आवाजात म्हटलं, "अहो, पडदा पेटलाय." हे शांतपणे शेंगा सोलत राहिले.

काबाभोवती फेरे घालताना चुकामूक झाली तर घाबरू नका, सरळ फोन करा, असं मौलानांनी बजावलं होतं. तिथे पुरुष सगळे दोन पांढऱ्या चादरींत, कपड्यांवरून कोणी ओळखू यायचं नाही. ज्याला फोनच ऐकू येत नाही, तो त्या गर्दीत सापडायचा कसा?

समोर जाऊन विचारलं, "तुम्हाला नीट ऐकू येतं ना?"

"म्हंजे मी बहिरा हाय व्हय?" म्हणाले, आणि रात्री जेवले नाहीत. त्यावरूनच माझी खात्री पटली. कानाच्या डॉक्टरांचा विषय काढला की चपला घालून बाहेर पडायचे. मुलीला सांगावं तर ती जाणंच रद्द करायला लावेल. मी गप्प बसले आणि ह्यांच्या चादरीचं टोक घट्ट धरून चालायचं ठरवलं.

तिथे नेमकं तेच झालं. व्हीलचेअरची एक रांग मधे घुसली, टोक सुटलं, आणि माझा माणूस दिसेनासा झाला. फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. दुआ मागायच्या जागी उभी राहून मी नवऱ्याला शिव्या देत होते आणि रडत होते, खोटं कशाला सांगू.

मग सुचलं, इथे सगळे गोलच तर फिरतायत. म्हणजे येतीलच फिरून. फेरा जिथे सुरू होतो तिथे खुणेचा हिरवा दिवा असतो, आणि प्रत्येक जण तो शोधतोच. मी कडेने त्या दिव्यापाशी गेले आणि दोन्ही हातांची डोक्यावर फुली करून उभी राहिले. हात भरून आले तरी खाली घेतले नाहीत.

हे आले. मला बघितलं आणि जन्माच्या सवयीने जागच्या जागी थिजले. फेऱ्यात मधेच थांबायचं नाही, ही तर तालमीतली पहिली सूचना. मागचे लोक धडाधड अंगावर आले, कुठल्या कुठल्या भाषांत ओरडले. मी घुसून ह्यांचं मनगट धरलं आणि बाहेर ओढलं.

राहिलेले फेरे तसेच मनगट धरून पुरे केले. मग एका खांबापाशी बसलो. "फोन का नाही उचलला?" मी ओठ नीट हलवत विचारलं.

हे स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाले, "न्हाई येत ऐकू. अजानबी न्हाई येत, लई दिस झाले. वाटलं, हितला आवाज मोठा आसंल. हितं तरी यील."

माझा सगळा राग गळून गेला. एवढ्यासाठी हा माणूस इथवर आला होता, आणि मी म्हणत होते की ह्याला यायचंच नाही.

थोड्या वेळाने अजान सुरू झाली. आवाज अंगावर काटा आणत होता. हे आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघत होते, काय झालं ते ताडत होते. मी मूठ उंच धरली.

त्यांना कळलं. ते माझ्या मुठीकडे बघत राहिले, आणि अजान संपेपर्यंत मी हात खाली घेतला नाही.