रग्बीवाले साहेब

कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला लागलो त्या वर्षी मी कॉलनीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर होतो. दुसरं कोणी तयार नव्हतं, एवढीच माझी पात्रता. त्याच सुमारास आमचे एक इंजिनिअर साहेब इंग्लंडहून ट्रेनिंग करून आले, आणि येताना रग्बीचा चेंडू घेऊन आले. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता.

"तुमचा खेळ अर्धाच," मैदानावर येऊन साहेब म्हणाले. "तिकडे लाथही मारतात आणि हातात धरून पळतातही."

त्यांनी चेंडू हातातून सोडला आणि जमिनीला टेकताक्षणी बुटाने हाणला. तो गोलच्या खांबावरून पार बाभळीत गेला. मी काट्यांतून तो काढून आणला.

मग आमचा फिटर पुढे झाला. हा खापा गावचा, अनवाणी खेळायचा. गोल चेंडू त्याच्या पायाला चिकटून राही. त्याने त्या लांबट चेंडूला साहेबांसारखी लाथ मारली. चेंडू तिरपा उसळून माझ्याकडे आला, मी पकडायला वाकलो, तर ऐनवेळी वळून नाकावर बसला.

"काहून गा, दिसत नाही काय तुले?" फिटर ओरडला.

"तो कुठं जाईन हे त्यालेच ठाऊक नाही, मले कसं समजन?" मी नाक धरून म्हणालो.

नंतर साहेब फिटरच्या पायातला गोल चेंडू काढायला गेले आणि तिसऱ्या खेपेला मुरमावर बसले. पण हातात आलेला कुठलाही चेंडू ते सोडत नसत.

"गोलमध्ये साहेबच पायजेत," फिटरने माझ्यादेखत जाहीर केलं.

कोळसा खाणीच्या टीमशी मॅच होती. साहेबांनी पूर्वार्धात सगळं अडवलं. मी बाहेरून नाइलाजाने टाळ्या वाजवल्या. उत्तरार्धात एक उंच चेंडू त्यांनी झेलला, काखोटीला मारला आणि पळत सुटले. समोरचे खेळाडू घाबरून बाजूला झाले. रेफ्री शिट्टी फुंकायचं विसरला. साहेबांनी थेट पलीकडच्या गोलमध्ये जाऊन चेंडू जमिनीवर टेकवला आणि त्यावर आडवे झाले.

फिटर जवळ गेला. "उठा साहेब. इकडं असं नसते."

साहेब चेंडू हातात घेऊन चौकटीबाहेर पडले होते तिथे, आमच्या गोलसमोर, रेफ्रीने खाणवाल्यांना फ्री किक दिली. साहेब अजून त्या टोकालाच धापा टाकत होते. रिकाम्या गोलमध्ये चेंडू गेला आणि आम्ही हरलो.

"तिकडे याचे गुण मिळतात," परत येताना ते मला म्हणाले.

"इकडं शिव्या भेटतात, साहेब," मागून फिटर बोलला. साहेब आधी हसले, मग आम्ही.

पुढच्या रविवारी गोलमध्ये पुन्हा मी. मागे उभे राहून साहेबांनी मला चेंडू छातीशी कसा घ्यायचा ते शिकवलं. तोवर मी नुसते हात पुढे करत होतो.