पुढचा अजून हलका

दुकानात शिरले की मामा आधी दोन्ही हात पँटला पुसायचे. मग शोकेसमधला सगळ्यात पातळ लॅपटॉप मागून घ्यायचे, डाव्या तळव्यावर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. तळवा जरा वर, जरा खाली. बाजारात बायका भोपळा तोलून बघतात तसा. मग डोळे उघडून निकाल द्यायचे.

"बराय. पन पुढचा अजून हलका येल बघा, ताई."

माझं दुकान महाडला, एसटी स्टँडच्या समोर. मोबाइल, लॅपटॉप, चार्जर, कव्हरं. मामा पोलादपूर-महाड मिनिडोर, म्हणजे शीटं भरून धावणारी मोठी रिक्षा, चालवायचे आणि परतीची गाडी भरेपर्यंत माझ्याकडे टेकायचे. वय पन्नाशीचं, अंगावर खाकी शर्ट, कानाला सतत मोबाइल. गाणी नाही ऐकायचे. पुढच्या वर्षीचा लॅपटॉप कसा असेल ते सांगणारे व्हिडिओ ऐकायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच, काही घ्यायचं नाही पण सगळ्याची चौकशी करायची. सुरुवातीला मी त्यांना त्यातलाच एक समजले आणि करमणूक म्हणून सोडून दिलं.

करमणूक व्हायचीही. "ताई, पुढच्याला चार्जर नसणार. उन्हात ठेवला का भरला." "मग पावसाळ्यात काय करायचं मामा? आपल्याकडे चार महिने ऊन कुठलं?" यावर ते विचारात पडायचे आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन यायचे. "पावसाळ्यासाठी त्याच्या पुढचा येल." एकदा म्हणाले, पुढच्याची बटणंच काढून टाकणार आहेत, नुसती काच राहणार, वजन निम्मं. एकदा म्हणाले, पाण्यात बुडणारच नाही. "सावित्रीचा पूर दुकानात शिरला तरी तुमचा माल वर तरंगंल." बाहेर पॅसेंजर ओरडत असायचे, आणि हे मला बॅटरी कागदाएवढी कशी होणार ते समजावत असायचे.

पैशाचा प्रश्न नव्हता, हे आधीच सांगते, नाहीतर तुमची दया भलतीकडे जाईल. पैसे बाजूला काढलेले होते. हलका निघाला की तिकडूनच आणायचा, असं मुंबईच्या मेहुण्याशी बोलणं झालेलं होतं. लॅपटॉप मुलीसाठी हवा होता. मुलगी महाडच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होती. त्यांची वाडी उमरठच्या वर, डोंगरात. गाडी खाली थांबते, तिथून पुढे चढण. पावसात ती पायवाट म्हणजे नुसता ओहोळ. मुलगी रोज उतरायची, रोज चढायची. कॉलेजातली मशीनं कधी बंद, कधी दुसऱ्याच्या ताब्यात, म्हणून पोरगी अख्खा प्रोजेक्ट मोबाइलवर करत होती. अंगठ्यानं.

"मामा, घेऊन टाका की एक," मी म्हणायची.

"थांबा ओ. जरा हलका येऊ दे."

हलक्याचं हे वेड कुठून आलं, ते मला त्यांच्या वाडीतल्या एका पॅसेंजरकडून कळलं. मामांची बायको दुखणं काढत होती. एका पावसात पोटात कळ आली, ती थांबेना. आमच्याकडे अशा वेळी डोली करतात. बांबूला चादर बांधायची, आत माणूस निजवायचं आणि चौघांनी खांद्यावर घेऊन उतरायचं. वाट निसरडी. जागोजाग डोली टेकवावी लागली, खांदे बदलावे लागले. खाली गाडीपाशी पोचले तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी एकदा भीत भीत विषय काढला, तर मामा एवढंच म्हणाले, "अंगानं बारीक होती ओ ती. तरी टेकवायला लागली."

वाडीला रस्ता कधीपासून मंजूर आहे. खडी पडलीय, तिच्यावर गवत उगवलंय. दर निवडणुकीला कोणीतरी पांढऱ्या कपड्यातला माणूस खालच्या पारावर येऊन सांगतो की पुढच्या वर्षी नक्की. आणि दर वेळी मामा सगळ्यांच्या पुढे उभे राहून त्याची आई-बहीण काढायचे. मिनिडोरमध्ये हा विषय निघाला की त्यांचा आवाज दासगावपर्यंत जाईल असा चढायचा. तो राग खरा होता. मला तो राग आवडायचाही.

म्हणूनच पुढचं सांगताना माझं डोकं फिरतं.

पावसाळा लागला आणि मुलीचं काम झालं. पुण्याच्या एका कंपनीनं मोबाइलवरच तिची मुलाखत घेतली आणि तिला निवडली. अट एकच. सुरुवातीचे काही महिने घरून काम, लॅपटॉप स्वतःचा, आणि येत्या सोमवारी हजर व्हायचं. वाडीत रेंज नाही, पण पोलादपुरात मैत्रिणीचं घर होतं, तिथं बसून करता येणार होतं. मुलगी पेढे घेऊन दुकानात आली. तोपर्यंत मी तिला फार बोलताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ती थांबेचना.

मामा पेढा खाऊन म्हणाले, "गणपतीला मुंबईचा मामा आणतोय तुझा. नवीन निघतोय, त्याच्यातलाच."

"आबा, गणपतीला दोन महिने आहेत. सोमवार चार दिवसांवर आलाय."

"कंपनी काय पळून जाते? हुशार पोरीसाठी थांबतात ते."

कंपन्या थांबत नाहीत, हे मी त्यांना दहा प्रकारे सांगितलं. शेवटी माझ्या काउंटरवरचा, मी बिलं करायला वापरते तो लॅपटॉप पिशवीत घातला आणि मुलीच्या हातात दिला. जुना, जाडजूड, पण धडधाकट. काही द्यायचं नाही, तुमचा येईपर्यंत वापर म्हटलं. मुलीनं तो छातीशी धरला आणि बापाकडं न बघता बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी दोघं परत आले. पिशवी मामांच्या हातात होती.

"ताई, राग मानू नका. ह्यो दगूड हाय."

"मामा, चालतो तो! कामाला चालतो!"

"चालतो, पन ही पावसात ह्यो पाठीवर घेऊन रोज चढनार?"

"मग मैत्रिणीकडं ठेवू दे. नाहीतर इथं माझ्याकडं ठेवू दे."

"लोकांच्या घरात कशाला? पोरीची पाटी पोरीजवळ पायजे."

मी ओरडलेच. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी ओरडले. "अहो, ती रोज झऱ्यावरून दोन हंडे घेऊन चढते! या लॅपटॉपचं काय घेऊन बसलात?"

मामा शांतपणे म्हणाले, "म्हनूनच तर."

 मग मुलगीच बोलली. शोकेसच्या काचेवर बोट ठेवून, आवाज न चढवता.

"आबा, रस्तावाले पण असंच बोलतात."

मामांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता पिशवी परत उचलतील. त्यांनी हात पुढेही केला. आणि मग पिशवी माझ्याकडे सरकवून म्हणाले, "चल गो, गाडी भरली."

सोमवार गेला. कंपनीनं दुसऱ्या कुणालातरी घेतलं. दोन ओळींचा मेसेज आला, तो मुलीनं मला दाखवला, आणि नंतर माझ्याच दुकानातून मोबाइलला नवी काच बसवून घेऊन निघून गेली. मी मामांशी बोलणं बंद केलं. ते आले की मी आत जाऊन खोकी मोजत बसायची. बापाची माया होती, मला मान्य आहे. पण मायेपोटी केलं म्हणून पोरीचं गेलेलं काम परत येतं का? उलट मायेनं अडवलेल्या माणसाला धड भांडताही येत नाही. आणि ते पातळ मशीन करणारे! दर वर्षी केसभर पातळ करायचं, त्याचा गाजावाजा आधी सहा महिने करायचा आणि डोंगरातल्या माणसाला वाट बघायला लावायचं. आमच्या वाटा काही दर वर्षी केसभरही सुधारत नाहीत. त्यांचाही मला राग आला, रस्ता खाणाऱ्यांचाही आला, पण हे सगळे लांब होते. जवळ मामाच होते. म्हणून सगळा राग मी त्यांच्यावरच काढला, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

गणपतीला मेहुणा नवा लॅपटॉप घेऊन आला. मामा तो कव्हर घ्यायला दुकानात घेऊन आले. मी न बोलता पेटी उघडली आणि मागं छापलेलं वाचलं. रंग नवा होता, कॅमेरा नवा होता. वजन गेल्या वर्षीच्याएवढंच. मी ते त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा वाचलं. त्यांनी तोलून बघितला नाही. कव्हरसुद्धा न घेता गेले.

गौरी-गणपती बोळवले की आमच्या स्टँडवर मुंबईला परतणाऱ्यांची झुंबड उडते. त्या दिवशी मामांची मिनिडोर दुकानासमोर थांबली. पुढं ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी होती. मुलगी मागं, पॅसेंजरांत बसली होती. ती तिच्या मुंबईच्या मामाबरोबर निघाली होती, कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात काउंटरला उभं राहायला. लॅपटॉप कुठं आहे, मी विचारलं. घरी ठेवलाय म्हणाली. तिथं नाही लागणार.

सामान टपावरून खाली काढलं. मुंबईकर जाताना नेतात तेच. नारळ, पोहे आणि घरच्या तांदळाचं भरलेलं पोतं. एसटी लागली होती, माणसं खिडकीतून रुमाल टाकत होती. मामांनी घाईनं डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि पोत्याला हात घातला.

मुलीनं त्यांचा हात बाजूला केला. पदर नव्हता, ओढणीचीच चुंबळ केली, गुडघा टेकला आणि पोतं एका दमात डोक्यावर घेतलं.

"राहू दे आबा. मला उचलवतं."

गर्दीतून ती एसटीकडे गेली, मान ताठ, एक हात पोत्याला. मामा डोक्याला टॉवेल बांधून तसेच उभे राहिले. त्यांच्या हातात उचलायला काही नव्हतं.