साडूभाऊंचं जपानी हायस्कूल

जपानमधल्या सरकारी हायस्कुलाबद्दल जगात सगळ्यात जास्त बोलणारा माणूस कुवेतमध्ये, सबाह अल-सालेमला राहतो, आणि तो माझा साडू आहे. साडूभाऊंनी जपानमध्ये मात्र अजून पाऊल ठेवलेलं नाही. मूळचे गुहागरकडचे, डिप्लोमा करून इकडे आले आणि अम्गऱ्याच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन म्हणून स्थिरावले. तिथे एकदा नवीन मशीन बसवायला एक जपानी इंजिनियर आला. रोज दुपारी दोघं डबे उघडून शेजारी बसत आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत संसाराच्या गप्पा मारत. कुठलाही मराठी बाप विचारेल तेच साडूभाऊंनी विचारलं, मुलीला किती टक्के पडतात? त्या गृहस्थाला टक्के काही आठवेनात, पण या आठवड्यात मुलीकडे शाळेचा जिना पुसायचं काम आहे, हे मात्र त्याला पाठ होतं. झालं! मशीन बसवून तो इंजिनियर गेला, पण साडूभाऊंच्या डोक्यात जे हायस्कूल बसवून गेला ते काही हललं नाही.

त्या दिवसापासून ताईंच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या, घराची शाळा झाली. दारात बाहेरचे जोडे काढून घरातल्या सपाता घालायच्या. माझ्या मापाची सपात त्या घरात नाही, त्यामुळे मी तिथे नेहमी टाचा बाहेर लोंबकळत ठेवून वावरतो. तिकडच्या प्रत्येक शाळेला म्हणे स्वतःचं असं उद्दिष्ट असतं आणि ते सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असतं. म्हणून हॉलच्या भिंतीवर साडूभाऊंच्या ठसठशीत अक्षरात तीन वाक्यं लागली: आपलं आपण शिका. दुसऱ्याच्या मनाचा विचार करा. कष्टाला भिऊ नका. घरात साफसफाईच्या पाळ्या लागल्या आणि पाहुण्यांनाही त्यातून सूट नव्हती. एका शुक्रवारी ताईंच्या हातचं सुरमईचं कालवण ओरपून मी सोफ्यावर कलंडणार, तेवढ्यात साडूभाऊंनी हातात ओलं फडकं दिलं. "आज तुमच्याकडे बाल्कनी," ते म्हणाले. आदल्या दिवशीच धुळीचं वादळ होऊन गेलं होतं. अर्धं वाळवंट त्या बाल्कनीत उतरलं होतं आणि मी ते वाकून वाकून पुसत होतो. घरी पाण्याचा पेलाही न उचलणारा नवरा फडकं पिळताना बघून माझी बायको पोट धरधरून हसत होती.

हे घरापुरतं राहिलं असतं तरी आम्ही सोसलं असतं. पण लेकीच्या शाळेतल्या पालकसभेत, सगळे आईबाप गणिताच्या मार्कांवर घसा फोडत असताना, साडूभाऊ उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, मुलांच्या हातात झाडू केव्हा देणार?" मागून एक बाई फणकारली, "म्हणजे फी भरून झाडलोट करायला पाठवायचं का आम्ही?" मॅडमनी हसून सांगितलं की सर, हे सिलॅबसमध्ये नाही. "माणूस होणं तरी कुठे आहे सिलॅबसमध्ये?" असं म्हणून साडूभाऊ खाली बसले. वाक्य चांगलं होतं, पण टाळी कोणी वाजवली नाही. सोबत म्हणून मीही गेलो होतो; परतताना त्यांची लेक, म्हणजे माझी भाची, बाबांना टाळून माझ्या गाडीत बसली. "काका, आय वॉज प्रिटेंडिंग की ते दुसऱ्या कोणाचे तरी बाबा आहेत," ती म्हणाली.

आणि अकरावीत याच भाचीने बॉम्ब टाकला. मुलांना वर्षभर परदेशी शाळेत पाठवणाऱ्या एका संस्थेकडे तिने आपलं आपणच अर्ज केला होता आणि तिची निवड झाली होती. जपानमधल्या एका लहानशा गावात, तिथल्याच कुटुंबात राहून, सरकारी हायस्कुलात शिकायचं. आम्हाला वाटलं, साडूभाऊ आता अख्ख्या अम्गऱ्यात पेढे वाटणार. पण त्यांचा चेहरा पार उतरला. त्या संध्याकाळपासून जपान हा अतिशय धोक्याचा देश झाला. तिकडे भूकंप होतात. थंडी हाडात शिरते. मासे कच्चे खातात. "तुम्ही गुहागरचे, तुम्हाला माशांचं कसलं भय?" मी म्हणालो. "आम्ही शिजवून खातो हो!" ते खेकसले. खरं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, दूध आणायलाही त्यांनी लेकीला कधी एकटीला सोडलं नव्हतं. दूध राहू दे, असं म्हणून ते स्वतःच उतरायचे.

संस्थेला उत्तर कळवायची मुदत संपत आली तेव्हा ताईंनी आम्हाला बोलावून घेतलं. साडूभाऊ पेपरात डोकं घालून बसले होते. "पुढल्या वर्षी बघू, खलास," त्यांनी विषय संपवला. भाची रडली नाही, भांडली नाही. ती उठून भिंतीपाशी गेली आणि त्या तीन वाक्यांवर बोट ठेवून म्हणाली, "बाबा, टेल मी, यातलं घरी बसण्याबद्दल कुठलं आहे?"

साडूभाऊंनी पेपर खाली ठेवला. स्वतःच लिहिलेली ती वाक्यं त्यांनी सावकाश वाचली, पुन्हा वाचली. मग चष्मा काढला.

"एक लिहायचं राहूनच गेलं यात," ते म्हणाले.

"काय?"

"आईबापांनी काय करायचं ते." आणि तिच्याकडे न बघता, "जा. पण पोचलीस की आधी..." आणि त्यांनी पेपर पुन्हा उचलला. ताई पदराने डोळे पुसत आत गेल्या.

मार्चमध्ये ती गेली. एका शुक्रवारी जेवताना तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळ झाली होती. "बाबा, इथे दुपारच्या तासाला अर्धा वर्ग झोपतो," ती हसत सांगत होती, "आणि सफाईच्या वेळी मुलं झाडू घेऊन बेसबॉल खेळतात." मी कान टवकारले. इतकी वर्षं बाल्कन्या पुसल्याचा हिशेब चुकता करायची वेळ आली होती. पण साडूभाऊंना त्याचं काहीच वाटलं नाही. "झोपू दे गं," ते म्हणाले, "दमत असतील पोरं. तुला झोप मिळते ना पण?"

त्यानंतर त्यांनी भाषण म्हणून दिलं नाही. परवा चहाला गेलो तर पेट्रोल झालं, उकाडा झाला, कोणाकोणाचे व्हिसे झाले, पण जपानचं नाव निघेना. ज्या विषयाला मी इतका विटलो होतो, त्याच्यावाचून मला करमेना. शेवटी मीच म्हणालो, "काय हो साडूभाऊ, तिकडे त्या हायस्कुलात परीक्षा कशा घेतात?" मला ते तोंडपाठ होतं. साडूभाऊ एकदम सरसावून बसले, "अहो, तिकडे काय असतं..." आणि थांबले.

"ती आली की तिलाच विचारा," ते म्हणाले. "मलाही ऐकायचंय."

ती परत यायला अजून पुढचा मार्च उजाडायचा होता.