सशाले तूप अन् भावाले दुधी

ससा पिंजऱ्यातून बाहेर काढला की सुनंदा मॅडम आधी त्याची माफी मागायच्या. "खा रे बापा. तुह्या नळ्या बुजवूनच राहिली मी, पण काय करू?" मग कोलेस्टेरॉल कालवलेलं वनस्पती तूप त्याला भरवायच्या. रायपूरच्या आमच्या फार्मसी कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली संशोधन करत होते. त्या खाण्याने सशांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचा थर धरायचा. अर्ध्या सशांना एका झाडाच्या सालीचा अर्क द्यायचा आणि थर कमी होतो का ते बघायचं, हे आमचं काम.

मॅडम तोंडाने फटकळ. माझं काही चुकलं की, "डोकं घरी ठेवून आली का वं पोट्टे?" पण डब्यातली अर्धी भाजी माझ्याच पुढ्यात सरकवायच्या. त्यांचा सगळा जीव मोठ्या भावात. दादा सिलतऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त होऊन बीरगांवला एकटेच राहायचे. जिना चढताना त्यांच्या छातीत दुखायचं, म्हणून मॅडम त्यांना बिनतेलाचं जेवण नेऊन द्यायच्या. एकदा मी सोबत होते. डबा उघडून दादा म्हणाले, "पाह्य वं पोरी, सशाले तूप अन् भावाले दुधी!" हसून हसून माझं पोट दुखलं.

पुढे अर्क घेतलेल्या सशांच्या रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या. मॅडमनी आनंदाच्या भरात ते दादांना सांगितलं, आणि तिथंच घात झाला. डॉक्टरच्या गोळ्या दादांनी केव्हाच सोडल्या होत्या.

"सशाले देते, मंग मले काहून नाही? तुह्या हातची दवा असन तरच घेईन."

"माणसाले देऊन कोणी पाह्यली नाही रे दादा. काही झालं तर? तू डॉक्टरच्या गोळ्या घे ना!"

"म्हणजे सशापेक्षाही मी गेलागुजरा!"

तेव्हापासून अबोला. राखीला मॅडम गेल्या, तर दादांनी दारच उघडलं नाही. राखी कडीला बांधून त्या परत आल्या. थोड्याच दिवसांत हार्ट अटॅकने दादा गेले. आम्ही पोचलो तेव्हा राखी कडीलाच होती.

नंतरच्या लांब मुदतीच्या प्रयोगात त्याच अर्काने सशांची लिव्हर खराब झालेली दिसली. माझा तर जीव भांड्यात पडला! मी धावतच गेले. "मॅडम, बरं झालं तुम्ही दादांना दिला नाही! तुमचंच बरोबर होतं."

"हव," एवढंच म्हणाल्या. मांडीवरच्या सशाला कुरवाळत राहिल्या. मग पदर तोंडाशी धरून हमसून हमसून रडायला लागल्या.

"बरोबर होती ना मी? मंग हे माह्या दादाले आता कोण सांगन वं?"