संकष्टीच्या दिवशी एसाविरा

मोरोक्कोतल्या एसाविरा बंदरात आम्हाला एकच दिवस मिळणार होता आणि तो नेमका संकष्टीचा निघाला. तिकिटं काढताना लेकीच्या शाळेची सुट्टी बघितली, नवऱ्याची लिक्सलिपच्या चिप प्लांटमधली शिफ्ट बघितली, आईच्या व्हिसावर आयर्लंडला परत येता येतं ना तेही बघितलं. तिथी बघायचं कुणालाच सुचलं नाही! आई बसमध्ये शांतपणे म्हणाली, "माका आज उपास. तुम्ही खावा मासे. माका बघान बरा वाटतला." मालवणच्या बाईला मासळीच्या धक्क्यावर उपाशी न्यायचं म्हणजे कहर झाला. मी नवऱ्यावर चिडले, नवरा माझ्यावर.

खरं तर मासे हे निमित्त होतं. आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती आणि माझी तेरा वर्षांची लेक तिच्याशी एक शब्द मराठी बोलली नव्हती. कळतं सगळं, पण उत्तर इंग्लिशमध्ये, तेही पक्क्या आयरिश हेलात. गेल्या वर्षी पुण्यात भावंडं तिच्या उच्चारांना हसली, तेव्हापासून बाईसाहेबांनी मराठीला कुलूपच लावलं. मग आजी बोलणार, नात इंग्लिशमध्ये पुटपुटणार आणि मधे मी दुभाषी. एकदा भांडी पुसता पुसता आई म्हणाली, "तुझा चेडू माझ्याशी बोलणाच नाय गो. आता मी जातलंय. मगे फोनवर तरी काय बोलतला?" मला इतकं वाईट वाटलं की मी जाऊन लेकीला फैलावर घेतलं. ती म्हणाली, "बट आय अंडरस्टँड हर, मम. इट्स ग्रँड." ग्रँड म्हणे! डोंबल.

तर एसाविरा. समुद्राला भिडलेली जुनी तटबंदी, तिच्यावर ओळीने मांडलेल्या तोफा, खाली निळ्या होड्यांची दाटी, आणि वारा असा की माझी ओढणी दोनदा परक्या माणसाच्या तोंडावर गेली. आईने तट खालपासून वरपर्यंत बघितला आणि निकाल दिला, "बरो आसा. पण आमचो किल्लो पाण्यात आसा." झालं, तट बांधणाऱ्या सुलतानाचा निकाल लागला.

धक्क्यावर मासे आपण निवडायचे आणि शेजारच्या टपरीवर भाजून घ्यायचे, अशी तिथली पद्धत. नवरा टेबल धरायला गेला, मी आईसाठी केळी शोधायला. लेकीला सांगितलं, आजीजवळ थांब, फोनमध्ये डोकं घालू नकोस.

केळी घेऊन परतले तर लांबूनच आईचा आवाज! एका मासेवाल्यासमोर ती कंबरेवर हात ठेवून उभी. "ह्यो बांगडो आजचो नाय. डोळे बघ हेचे. सांग हेका!" लेक शाळेतल्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये त्याला सांगत होती. तो छातीवर हात ठेवून काहीतरी लांबलचक बोलला. आता ते आजीपर्यंत पोचवायला मी तिथे नव्हते. मी पुढे धावणार, तेवढ्यात नवऱ्याने मागून येऊन माझा दंड धरला. "गप्प उभी राहा," तो पुटपुटला.

लेकीने इकडेतिकडे पाहिलं. कान लालबुंद. मग म्हणाली, "आजी, तो म्हणतो, आज सकाळीच आणला."

"सकाळी? खयच्या म्हयन्यातल्या?"

लेक खो खो हसली. तिने तेही फ्रेंचमध्ये सांगितलं बहुतेक, कारण मासेवालाही हसला आणि त्याने खालून दुसरी टोपली ओढली. आईने त्याला कल्ले उघडायला लावून बघितले, मान डोलावली. मग दोघी निवडतच सुटल्या. "आजी, हा?" "नको, तो बारीक." "आजी, हे काय आहे?" माझे डोळे भरून आले होते आणि ते पुसताही येईनात. हातात केळी होती ना.

टपरीवाल्याने बांगडे भाजून आणले. आई आमच्यापासून जरा लांब सरकून, ताटाला स्पर्श होणार नाही अशी बसली आणि केळं सोलायला लागली. संकष्टीला ती मासळीच्या ताटाला हातही लावत नाही. माझ्या लग्नानंतर मासे खाणाऱ्या पाहुण्यांनी घर भरलेलं असताना संकष्टी आली, तेव्हासुद्धा लावला नव्हता.

लेकीने एक घास घेतला, तोंड वाकडं केलं, जिभेवरचा काटा काढला. मी हात पुढे केला. तिने ताट माझ्यासमोरून सरकवत पलीकडे नेलं.

"आजी, काटे काढून दे ना."

आईने केळं खाली ठेवलं आणि बांगडा दोन बोटांनी मधोमध उलगडला.

"आई! संकष्टी!" मी म्हटलं.

"गप रव गो," आई मान वर न करता म्हणाली. "चेडवान माझ्याकडे मागल्यान."