डाव्या हाताची ओळ

हे मी डाव्या हातानं लिहिते आहे. अक्षर वाकडं वाटलं तर तो दोष वयाचा समजा, हाताचा नव्हे. लिहायला मला माझ्या सुनेनं शिकवलं. ती अमरावतीला चार बुकं शिकून आलेली. सासूला या वयात, आणि तेही डाव्या हातानं, काय जमणार, असं तिला वाटलं होतं. पण त्या हाताला मी पंचविशीतच एकदा शहाणं करून ठेवलं होतं, हे तिला कुठं ठाऊक?

आमचं गाव अंजनगाव सुर्जीपासून दोन कोसांवर. त्या वर्षांत सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखात लढाई लागली होती. तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. लढाई कुणाची, कशासाठी, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. ज्यांच्या घरात धड तांब्या नव्हता त्यांच्या बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या आल्या. जो तो कापूसच पेरत होता.

आणि कापूस पेरण्यात माझा हात गावात पहिला होता. हे मी आपल्याच तोंडानं सांगते, कारण सांगणारी माणसं आता उरली नाहीत. पेरताना पुढे बैल आणि माझा नवरा, मागे दोरीनं बांधलेले दोन सरते. सरता म्हणजे बांबूची पोकळ नळी, तिच्या तोंडाशी लाकडी वाटी. एका सरत्यामागे मी, दुसऱ्यामागे माझी धाकटी जाऊ. डाव्या हातानं सरता धरायचा आणि उजव्या मुठीतून सरकी सोडत चालायचं. सरकी लबाड असते. शेणमातीत घोळून बाजेवर घासली तरी एकीला एक चिकटतेच. अंगठ्यानं एकेक सुटी करत सोडावी लागते, आणि बैल काही आपल्यासाठी थांबत नाहीत. मूठ सैल पडली की पाच-सहा बिया एकाच जागी, आवळली की हातभर नांगा, म्हणजे ओळीत रिकामी जागा. हे लपतही नाही. आठ-दहा दिवसांनी रोपं वर आली की कुणाची ओळ कशी, ते रस्त्यानं जाणाऱ्यालाही दिसतं.

त्या साली पौषात आम्ही कापसाची गाडी घेऊन अमरावतीला निघालो. सासू म्हणत होती, अकोट काय वाईट आहे? पण नवऱ्याला अमरावतीचा बाजार हवा होता, आणि मला अंबादेवीची ओटी भरायची होती. निघता निघता त्यानं गाडीवर आणखी एक बोरा चढवला. मी म्हटलं, बैल ओढतील का? तो म्हणाला, ओढतील.

पूर्णा नदीच्या उतारातून, पाणी उथळ असतं तिथून, गाडी पार झाली, पण पलीकडच्या चढावर बैलांचा दम संपला. गाडी मागे सरू लागली. मी मागून चालत होते. चाकाला अडसर लावायला मी दगड उचलला आणि वाकले. दगड बसला. हात निघायच्या आत चाकही बसलं.

उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं वैद्यानं काढूनच टाकली. अंगठा राहिला, पण आखडला. मूठ म्हणून मिटेना. देवीची ओटी नवऱ्यानं एकट्यानं भरली आणि आम्ही परत आलो.

जखम दोन महिन्यांत भरून आली. राग मात्र ताजाच राहिला. मला भाकरी थापता येईना. लुगडं नेसायला धाकटी जाऊ लागे, वेणीला सासू लागे. नसलेली बोटं खाजायची, आणि खाजवायला गेलं की तिथं काही नसायचं. तेव्हा मला रडू यायचं. ते कुणाला दिसू नये म्हणून मी गोठ्यात जाऊन बसायची. गावातल्या बाया विचारपूस करायला यायच्या आणि माझ्यासमोर सासूला म्हणायच्या, ‘बिचारीचं कसं झालं व.’ एकदा मी म्हटलं, ‘हात गेला माहा, कान नाई गेले.’ त्यानंतर येणं कमी झालं. जित्याची खोड, दुसरं काय.

नवऱ्याचं तर मला सगळ्यात जास्त लागलं. पूर्वी तो माझ्याशी भांडायचा, मीठ कमी पडलं तर बोलायचा. आता तो गोड बोलायला लागला. ‘तू बस, मी घेतो.’ पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून द्यायचा. त्या बोऱ्याबद्दल मात्र तो एक शब्द बोलला नाही. मीही काढला नाही. आम्ही दोघं त्या बोऱ्याला वळसा घालूनच घरात वावरत होतो.

अक्षय तृतीयेच्या दिवशी सासूनं जेवताना सांगितलं, ‘औंदा दुसऱ्या सरत्यावर मजुरीण लावू. तू घर पाय.’ ती वाईट बोलली नाही. पण मला कळलं, यंदा सरता सुटला तर जन्माचा सुटला. मग मी घरातली ‘बिचारी’, कायमची.

त्याच दुपारी मी गोठ्यात गेले. बैलांच्या आंबोणाच्या टोपल्यातली मूठभर सरकी डाव्या हातात घेतली, काडीनं जमिनीवर रेघ ओढली आणि तिच्यावरून चालत सरकी सोडू लागले. काय सांगावं! डावा हात अगदी माझ्या दिरासारखा निघाला. हाक मारली की येतो, पण कामाच्या वेळी त्याचं लक्ष भलतीकडेच. सगळी सरकी एका ठिकाणी सांडली. मी ती गोळा केली आणि पुन्हा सोडली. रोज दुपारी घर निजलं की हेच. पंधरा-वीस दिवस झाले, तरी रेघेवर सरकी कमी आणि ढीगच जास्त.

एके दिवशी मागे वळून पाहिलं तर दारात सासू उभी.

‘काय करून रायली व?’

‘पेरून पाहून रायली.’

‘डाव्या हातानं?’ तिचा आवाज चढला नाही, पण चेहरा बदलला. ‘डाव्या हातानं बी टाकत नसतेत. काळी माय हाये ते. तिले डाव्यानं वाढतेत का कोनी?’

इतके महिने गिळलेलं सगळं तेव्हा बाहेर आलं. ‘मंग तिलेच सांगा, उजव्याची बोटं वापस दे म्हना. तुमी सारे मले बसवून ठेवून रायले. दुखते ते बोटं नाई दुखत, बसनं दुखते. मजुरीण लावली तं मी या घरात राहूनबी नसल्यासारखी.’ एवढं बोलले आणि तिच्यासमोर ढसाढसा रडले. सासूसमोर रडायची ती माझी पहिली आणि शेवटची वेळ.

ती खाली वाकली, सांडलेली सरकी पदरात वेचली आणि बैलाच्या टोपल्यात टाकून निघून गेली. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या दाराशी टोपलीभर सरकी ठेवलेली होती. पेरणीची असते तशी, शेणमातीत घोळून बाजेवर घासलेली. सासू अंगण झाडत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, ‘ढोराच्या कोरड्या सरकीवर शिकून काय उपेग? वावरात ते हाताले चिकटते.’

पेरणीच्या दिवशी मजुरीण आली नाही. तिला बोलावलंच नव्हतं. सासूनं सरत्याला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग माझा उजवा हात ओढून घेतला. इतक्या महिन्यांत त्या हाताला वेणी-लुगड्याच्या वेळीसुद्धा कुणी शिवत नव्हतं, सगळे त्याला चुकवून जायचे. तिनं तो उघडा धरला, तळव्यावर सरकी ठेवली आणि सरत्याच्या वाटीवर तिरपा केला. सरकी घरंगळत आत गेली.

‘पयली मूठ उजव्याची झाली,’ ती म्हणाली. ‘आता बाकीचं तुह्यं तू पाय.’

जुन्या लुगड्याच्या चिंधीनं तिनं सरता माझ्या उजव्या मनगटाला बांधून दिला. बैल निघाले. नवऱ्यानं ते इतके हळू हाकले की जाऊ माझ्याकडे पाहून हसली. मी मागून ओरडले, ‘बैल नेहमीसारखे हाका.’ त्यानं मागे पाहिलं नाही, पण बैल चालायला लागले.

दहा दिवसांनी रोपं वर आली. जावेची एक ओळ, माझी एक, अशी सगळी पेरणी झालेली. हातच्या काकणाला आरसा कशाला? नाल्याकडची माझी पहिली ओळ म्हणजे नुसती फजिती. इथे पाच रोपांचा झुबका, पुढे चार हात काही नाही, मग पुन्हा झुबका. पण ओळीमागून ओळ पाहत वर चढलं की झुबके विरळ होत होते आणि नांगे आखूड. हिवराच्या झाडापाशी शेवटची ओळ होती. तिथं माझी कोणती आणि जावेची कोणती, हे माझं मलाही ओळखता आलं नाही. मी तिथं उभी राहिले आणि मला माझाच इतका अभिमान वाटला की लाज वाटली. मग लाजही गेली.

नवरा सकाळीच भिजवलेल्या सरकीची पुरचुंडी घेऊन नाल्याकडच्या ओळीत बसला होता.

‘काय करून रायले?’

‘नांगे भरतो. लोकं पाह्यतीन, हसतीन तुले.’

‘भरू नोका. पयल्या वळीले हसतीन. हिवरापाशी येईलोक गप होतीन.’

त्यानं पुरचुंडी खाली ठेवली. बांधावर बसला. चरणाऱ्या बैलाकडे पाहत म्हणाला, ‘त्या दिशी एक बोरा कमी भरला असता तं...’

पाच महिने मी याच वाक्याची वाट पाहत होते. ते आलं की खूप काही बोलायचं, असं ठरवलं होतं.

‘हो,’ मी म्हटलं. ‘कमी भरायले पायजे होता.’

त्यानं मान हलवली. तो रडला, आणि मी त्याच्या शेजारी बसले. त्या दिवसापासून तो माझ्याशी पुन्हा भांडायला लागला.

पुढच्या साली माझ्या ओळी पहिल्यापासूनच सारख्या आल्या. त्यांचं कुणी नाव काढलं नाही, काढायचं कारणही नव्हतं. पण त्या पहिल्या वर्षी घरी पाहुणं आलं की सासू त्याला वावर दाखवायला न्यायची. सरळ रस्ता हिवराकडून होता, तरी ती मुद्दाम नाल्याकडून फिरून न्यायची, त्या फजितीच्या ओळीपासून. तिथं थांबायची आणि म्हणायची, ‘इथून पाहत चला.’