निगेटिव्हचं पोतं

विट्याकडची आम्ही पोरं आठवी-नववीतून शाळा सोडून गलाईला जातो, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या कामाला. मीही तसाच कोइमतूरला आलो आणि इथंच राहिलो. घरचे गावाकडं, मी इथं खोलीवर. या कामानं पोरांची शिक्षणं झाली, तक्रार करायला तोंड नाही.

आता कॅमेऱ्यातला रोल गेला. जुने स्टुडिओ मोडतात आणि ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हची पोती आमच्याकडं येतात. निगेटिव्हवर चांदीचा पातळ थर असतो. कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात टाकलं की थर सुटतो, हातात नुसतं स्वच्छ प्लॅस्टिक राहतं. त्यात कुणाचं लग्न असतं, कुणाचं बारसं. मी बघत नाही. बघितलं तर काम होत नाही.

मागच्या महिन्यात मात्र पोतं ओतता ओतता हात थांबला. आमच्या विट्यातला तो स्टुडिओ अजून असेल का? वडील पलटणीत होते. त्यांना पाठवायला आईनं तिथं एक फोटो काढून घेतला होता, आयुष्यातला एकच. मी चालायला लागायच्या आत ती गेली. घरातल्या फोटोला पुढं ओल लागली, तो काचेला चिकटला आणि काढताना चेहराच काचेबरोबर गेला. आता ती कशी दिसायची हे विचारायलाही कुणी उरलं नाही.

नंबर मिळवून फोन लावला. फोटोवाले काका आता लय थकलेत.

“आवं काका, जुन्या निगेटिव्ह हायत का?”

“दुकान मोडलं की गड्या. पोती गेली. तुमचाच एक गलाईवाला घिऊन गेला.” ते हसले. “चांदी म्हटलं की तुमी आमची गिऱ्हाइकंबी उकळून काढताय.”

मला हसता आलं नाही. वडिलांचं नाव सांगितलं.

“पलटणीतला व्हय? एक पोतं माळ्यावर ऱ्हायलंय. बघतो. पर आशा धरू नगं.”

मी आमचं पोतं कोपऱ्यात सरकवून ठेवलं. मालक आमच्याच भागातला. रोज विचारायचा, “त्येला मुहूर्त काढलायस का रं?” मी फोन उलटासुलटा करून बघायचो. काका विसरले असतील, की त्यांना काही झालं असेल, नाही नाही ते मनात यायचं.

रविवारी दुपारी जेवायला बसलो आणि फोटो आला. काकांनी निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरून काढलेला. त्या वयात एवढं पोतं उपसलं माझ्यासाठी. पाठोपाठ फोन.

“पाकिटावर तुझ्या बाचं नाव हाय. आईच हाय न्हवं?”

मला कसं कळणार? निगेटिव्हमध्ये सगळं उलटं, चेहरा काळा, बुबुळं पांढरी आणि केस पांढरेशुभ्र. खुर्चीत एक म्हातारी बसलेली.

“व्हय काका. आईच हाय.”

“उद्या सुलटा करून धाडतो. नातू करतोय मोबाईलवर.”

“घाई न्हाई,” मी म्हणालो.

ताटातलं गार झालं. मी पन्नाशी ओलांडलेली आणि ती विशीत गेलेली. पण त्या फोटोत ती माझ्या वयाच्या माणसाची आई शोभत होती.